मोठ्या जातीच्या पाळीव सशांतील सोअर हॉक्स : कारणमीमांसा व उपचार

प्रस्तावना :
न्यूझीलंड व्हाइट जातीचा पूर्ण वाढ झालेला ससा साधारणतः ४ ते ५ किलो वजनाचा असतो. अशा वजनदार सशांच्या मागील पायांच्या तळव्यांना व टाचांना होणाऱ्या व्रणांना ‘सोअर हॉक्स’ असे म्हणतात. औषध लावूनही हे व्रण पुन्हा पुन्हा का उद्भवतात, याचा परामर्श प्रस्तुत लेखात सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात घेतला आहे.

कारणमीमांसा :
कुत्रा व मांजर यांच्या पंजांखाली जाड गादी असते. सशाला ती नसते. तळव्यावरील दाट केस व पायाखालची मऊ जमीन हेच त्याचे संरक्षण होय. शहाबादी फरशी, कोबा किंवा तारेची जाळी यांवर सतत बसल्याने हाड आणि कठीण पृष्ठभाग यांमध्ये त्वचा दाबली जाते, रक्तपुरवठा खंडित होतो व ऊती मृत होतात. लठ्ठपणा, वाढलेली नखे व अपुरी हालचाल यांमुळे हा दाब वाढतो. ओलाव्याने त्वचा मऊ पडते. महाबळेश्वर-पाटण पट्ट्यात तो पावसाळी हवेतून येतो. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेतही मूत्राने भिजलेले गोणपाट तोच परिणाम घडविते.

अवस्था :
प्रथम केस गळून त्वचा लाल होते. नंतर व्रण पडून खपली धरते. पुढे स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या जिवाणूंचा संसर्ग होऊन गळू होते व तो हाडापर्यंत पोहोचू शकतो. ससा वेदना लपवितो. म्हणून त्याचे तळवे नियमित तपासणे अगत्याचे आहे.

उपचार :
१) केवळ लाली असल्यास जाळीवर सपाट फळी ठेवून त्यावर कोरड्या गवताचा किंवा भाताच्या पेंढ्याचा जाड थर द्यावा व तो ओला होताच बदलावा.
२) नखे कापावीत, खुराक मर्यादित ठेवून वाळलेले गवत भरपूर द्यावे.
३) व्रण उघडा असल्यास पशुवैद्यकाकडून स्वच्छता, वेदनाशमन व आवश्यक तेथे मलमपट्टी करून घ्यावी. घट्ट पट्टीने नवा दाब निर्माण होतो.
४) घरातील प्रतिजैविके देऊ नयेत. तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट करते व ते प्राणघातक ठरू शकते.
५) सूज, पू किंवा लंगडणे आढळल्यास क्ष-किरण तपासणी करावी. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथेही सल्ला घेता येईल.

समारोप :
सोअर हॉक्स हा मूलतः दाबाचा विकार असून जिवाणूसंसर्ग हा त्याचा उत्तरार्ध आहे. म्हणूनच तळ बदलल्याशिवाय केलेला औषधोपचार अपुरा ठरतो. खोल व्रण भरून येण्यास अनेक आठवडे, क्वचित महिने लागतात आणि तेथील केस पूर्ववत येतीलच असे नाही. त्यामुळे व्रण भरल्यानंतरही मऊ व कोरडे अंथरूण कायम ठेवणे, हाच या विकारावरील टिकाऊ उपाय होय.