न्यायमूर्ती नेमतं कोण?

एखादा निकाल गाजला की पहिले दोन दिवस चर्चा निकालाची होते. तिसऱ्या दिवशी ती न्यायमूर्तींवर येते: यांना नेमलं कोणी, कोणत्या सरकारच्या काळात, कोणाच्या ओळखीनं? प्रश्न रास्त आहे. ज्याच्या एका सहीनं माणसाचं स्वातंत्र्य, जमीन किंवा नोकरी जाऊ शकते, तो त्या खुर्चीवर कसा पोहोचला हे लोकांना कळलंच पाहिजे. पण या प्रश्नाला मिळणारी उत्तरं बहुतेक वेळा अर्धवट असतात. त्यातली काही तपासून पाहू.

“न्यायाधीश व्हायला परीक्षा द्यावी लागते.”

तालुक्याच्या न्यायालयापुरतं हे खरं आहे. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदासाठी राज्य लोकसेवा आयोग पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत घेतो. या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी, ही जुनी अट सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या काही जागा बढतीनं भरल्या जातात, तर काही वकिलांमधून थेट. थेट येणाऱ्या वकिलासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३ मध्ये किमान सात वर्षांच्या वकिलीची अट आहे.

उच्च न्यायालयाच्या पायरीवर मात्र परीक्षा संपतात. तिथे जाहिरात निघत नाही, अर्ज मागवले जात नाहीत. घटनेनं घातलेली अट एवढीच, की उमेदवार भारताचा नागरिक असावा आणि त्यानं दहा वर्षं उच्च न्यायालयात वकिली केलेली असावी किंवा दहा वर्षं न्यायिक पद सांभाळलेलं असावं. बाकी सारं निवडणाऱ्यांच्या पारखीवर अवलंबून असतं. गावच्या न्यायालयातल्या न्यायाधीशाची निवड एवढी रेखीव आणि फाशीची शिक्षा कायम करणाऱ्या न्यायमूर्तीची एवढी अलिखित, ही विसंगती फार जणांच्या लक्षातच येत नाही.

“न्यायाधीशांनीच न्यायाधीश नेमायचे, असं घटनेत लिहिलं आहे.”

मूळ घटनेत ‘कॉलेजियम’ किंवा न्यायवृंद हा शब्द कुठेही नव्हता. अनुच्छेद १२४ आणि २१७ सांगतात, की नेमणूक राष्ट्रपती करतील, पण सल्लामसलत करून. सर्वोच्च न्यायालयासाठी ती सरन्यायाधीशांशी, तर उच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश, राज्यपाल आणि त्या न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी करायची. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत यावर वाद झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीन वाटा समोर ठेवल्या आणि तिन्ही नाकारल्या. सारी सत्ता सरकारला देणं त्यांना धोक्याचं वाटलं. अमेरिकेसारखी कायदेमंडळाची संमती घ्यायची, तर कारभार अवजड होईल आणि राजकारण शिरेल, असं त्यांचं मत होतं. आणि सरन्यायाधीशांना नकाराधिकार द्यावा ही सूचनाही त्यांनी मान्य केली नाही, कारण सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी अखेर माणूसच. म्हणून सल्लामसलतीचा मधला मार्ग ठेवला गेला.

त्या एका शब्दाच्या अर्थावर पुढे अनेक वर्षं लढाई झाली. १९८१ मध्ये एस. पी. गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की सल्ला म्हणजे संमती नव्हे, त्यामुळे अखेरचा शब्द सरकारचा. ६ ऑक्टोबर १९९३ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं बहुमतानं ते उलटवलं आणि सरन्यायाधीश व त्यांच्या दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मताला प्राधान्य दिलं. १९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी मत मागवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांसाठी हा गट सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायमूर्ती असा पाच जणांचा झाला. म्हणजे न्यायवृंद जन्माला आला तो न्यायालयाच्या निकालांतून.

“पूर्वी सरकार नेमायचं, तेव्हा काय बिघडलं होतं?”

बरंच बिघडलं होतं, आणि ते विसरलं जातं म्हणून जरा सविस्तर सांगायला हवं. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. लगेचच न्या. शेलत, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं गेलं. डावललेल्या तिघांनीही निकालात सरकारच्या विरोधात मत दिलं होतं. तिघांनी राजीनामे दिले. आणीबाणीत न्या. एच. आर. खन्ना यांनी, जगण्याचा हक्क सरकारच्या मर्जीवर नसतो, असं एकट्यानं लिहिलं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनाही डावललं गेलं.

महाराष्ट्राच्या वाट्यालाही हे आलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठावर यू. आर. लळित अतिरिक्त न्यायमूर्ती होते. आणीबाणीच्या त्या दिवसांत त्यांनी राजद्रोहाच्या प्रकरणांत तरुणांना जामीन दिला आणि नंतर त्यांना कायम केलं गेलं नाही. त्यांचे चिरंजीव उदय लळित, मूळचे सोलापूरचे, २०१४ मध्ये वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले. १९८१ मध्ये केंद्रीय कायदामंत्री शिवशंकर यांनी एक परिपत्रक काढलं: अतिरिक्त न्यायमूर्तींनी दुसऱ्या राज्यात बदलीला संमती लिहून द्यावी. त्याविरुद्ध मुंबईचे वकील न्यायालयात गेले, आणि त्यांची याचिका एस. पी. गुप्ता खटल्यातल्या याचिकांपैकी एक होती. १९९३ चा निकाल न्यायमूर्तींच्या सत्तालोभातून आला, असं म्हणणाऱ्यांनी ही वीस वर्षं नजरेसमोर ठेवावीत.

“आता सरकारच्या हाती काही उरलेलं नाही.”

हा सगळ्यांत मोठा गैरसमज आहे, आणि तो पसरणं सरकारच्या सोयीचं आहे. उच्च न्यायालयाच्या नेमणुकीचा कागद कसा फिरतो ते पाहा. मुख्य न्यायमूर्ती दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोलून नावं सुचवतात. ती मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे जातात. तिथून केंद्रीय कायदा मंत्रालयाकडे. गुप्तवार्ता विभाग उमेदवाराची चौकशी करतो. मग फाइल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाकडे, तिथून परत मंत्रालयाकडे, पंतप्रधानांकडे आणि अखेर राष्ट्रपतींकडे जाते. सरकार नाव एकदा परत पाठवू शकतं. न्यायवृंदानं तेच नाव पुन्हा पाठवलं, तर नेमणूक करणं सरकारवर बंधनकारक आहे.

पण कधीपर्यंत? इथे सगळी गोम आहे. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वेळापत्रक घालून दिलं: दुसऱ्यांदा आलेलं नाव तीन-चार आठवड्यांत मार्गी लावावं. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदानं फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजूर केलं. न्यायालयात प्रलंबित असलेल्या विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांत मतं मांडली, असा आक्षेप घेऊन सरकारनं नोव्हेंबरमध्ये ते परत पाठवलं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदानं उत्तर दिलं, की मत मांडणं हा नागरिकाचा हक्क आहे, त्यामुळे कोणी अपात्र ठरत नाही, आणि नाव पुन्हा पाठवलं. नेमणूक झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. चार आठवड्यांच्या जागी दहा महिने!

उशीर हा इथे निव्वळ गैरसोयीचा भाग नसतो. उच्च न्यायालयातली ज्येष्ठता शपथेच्या दिवसापासून मोजली जाते. यादीतलं एक नाव थांबवून बाकीची मंजूर केली, की थांबलेला माणूस कायमचा मागे पडतो. मुख्य न्यायमूर्ती कोण होणार, सर्वोच्च न्यायालयात कोण जाणार, याचं गणित तिथेच बदलतं. शिवाय वर्ष-दीड वर्ष ताटकळत ठेवलेल्या वकिलाकडे पक्षकार नवी प्रकरणं द्यायला कचरतात. उमेदवार स्वतःच कंटाळून नाव मागे घेतात. नकार द्यायला कारण लिहावं लागतं. फाइल पडून राहायला काहीच लागत नाही. सरकारची खरी ताकद ती आहे. मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर पदं ९४ आहेत, आणि त्यांतली रिकामी राहणारी प्रत्येक खुर्ची म्हणजे नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि आता कोल्हापूरच्याही बोर्डावर आणखी पुढे ढकललेल्या तारखा.

“उच्च न्यायालयात एकदा बसले, की निवृत्तीपर्यंत चिंता नाही.”

सुरुवातीला बहुतेक जण ‘अतिरिक्त न्यायमूर्ती’ असतात. अनुच्छेद २२४ मधली ही दोन वर्षांपर्यंतची तरतूद कामाचा तात्पुरता भार उचलण्यासाठी होती. व्यवहारात तिची उमेदवारी करून टाकली गेली. २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या न्या. पुष्पा गणेडीवाला यांचे बालकांच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांतले निकाल देशभर गाजले. त्यांना कायम करण्याची शिफारस न्यायवृंदानं मागे घेतली, त्यांना एका वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ते निकाल चुकीचे होते असं माझं स्पष्ट मत आहे. त्वचेला थेट त्वचा लागल्याशिवाय तो लैंगिक अत्याचार ठरत नाही, हा ‘कातडीला कातडी’चा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयानंही नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला. पण चुकीचा निकाल अपिलात दुरुस्त होतो. कायम होण्याची वाट पाहणारा न्यायमूर्ती निकाल लिहिताना आपल्या भवितव्याचा विचार करू लागला, तर ते दुरुस्त करणारं अपील कुठेच नाही.

“सर्वांत ज्येष्ठ तोच सरन्यायाधीश, हा कायदा आहे.”

हा संकेत आहे. तो १९७७ नंतर पाळला गेला, इतकंच.

“तिथेही आरक्षण असतंच.”

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या नेमणुकांत कुणालाही आरक्षण नाही. न्या. फातिमा बीवी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, म्हणजे पहिली स्त्री यायला जवळपास चाळीस वर्षं लागली. २०२१ पर्यंत त्यांच्यासह एकूण अकरा जणी तिथे पोहोचल्या. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. सुजाता मनोहर आणि न्या. रंजना देसाई होत्या. अमरावतीचे भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले, तेव्हा त्या पदावर बसलेले ते दुसरेच दलित न्यायमूर्ती होते. आरक्षण असावं की नसावं यावर मतभेद असू शकतात. पण निवडणारे पाच जण आपल्यासारख्याच पार्श्वभूमीच्या माणसांना अधिक ओळखतात, ही गोष्ट नाकारता येत नाही.

“आयोग आणला की प्रश्न मिटेल.”

तोही प्रयोग झाला. ९९ व्या घटनादुरुस्तीनं राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती. सहापैकी कोणीही दोघे विरोधात गेले, तर नाव बाद होणार होतं. मान्यवर कोणाला म्हणायचं, याची व्याख्याच नव्हती. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक मतानं न्यायालयानं तो रद्द केला. एकटे न्या. चेलमेश्वर विरोधात होते, आणि न्यायवृंदाच्या बंद दाराआडच्या कारभारावर त्यांनी केलेली टीका आजही तितकीच खरी वाटते. २०१७ पासून न्यायवृंदाचे ठराव संकेतस्थळावर येऊ लागले. पण कोणाचं नाव विचारात घेतलं आणि का गाळलं, हे कळत नाही. डिसेंबर २०१८ च्या एका बैठकीचा तपशील माहिती अधिकारात मागितला गेला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो द्यायला नकार दिला.

ब्रिटनमध्ये २००६ पासून स्वतंत्र निवड आयोग आहे. तिथे जागा जाहीर होतात, अर्ज येतात आणि अध्यक्ष न्यायक्षेत्राबाहेरचा असतो. तिथली व्यवस्था जशीच्या तशी इथे चालेल असं मी म्हणत नाही. पण निवडीचे निकष छापणं, गाळलेल्या नावाचं कारण लिहिणं आणि सरकारसाठी ठरलेली मुदत पाळायला लावणं यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. पुढच्या वेळी न्यायालयाची तारीख पडली आणि कारण ‘खंडपीठ उपलब्ध नाही’ असं कळलं, तर आपल्या खासदाराला एक प्रश्न जरूर विचारा: आमच्या उच्च न्यायालयासाठी सुचवलेली किती नावं दिल्लीत पडून आहेत, आणि किती दिवसांपासून?