पेशींचे रूपांतर : ओळख आणि कसोटी

देवलांच्या 'झुंजारराव' (१८९०) या नाटकाची चिकित्सा करताना दोन प्रश्न उपस्थित होतात : ते मराठी नाटक म्हणून स्वबळावर उभे राहते काय, आणि त्यात 'ऑथेल्लो' किती शिल्लक आहे? रूपांतर ही संज्ञा पेशीविज्ञानातही रूढ आहे आणि तेथेही प्रश्न हेच आहेत; मात्र मूळ शिल्लक उरणे हा तेथे दोष ठरतो.

हॅरॉल्ड वाइनट्रॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये 'मायोडी' या एकाच जनुकाच्या साहाय्याने संयोजी ऊतीतील तंतुजनक पेशींना स्नायूपेशींच्या वाटेवर नेले. २०१० मध्ये मारियस वेर्निग यांच्या प्रयोगशाळेत तीन जनुकांच्या योगाने उंदराच्या तंतुजनक पेशींपासून चेतापेशी घडविण्यात आल्या. मूलपेशीची अवस्था मध्ये न येता हे परिवर्तन घडले, म्हणून ते 'थेट'.

परंतु पेशी बदलली, हे ठरवावयाचे कसे? डीएनएच्या ठशावरून पेशी कोणाची ते कळते. ती काय झाली आहे ते कळत नाही, कारण रूपांतरानंतरही डीएनए बहुतांशी तोच असतो. बाह्याकार व एखाददुसरे खुणेचे प्रथिन यांवर विसंबणेही धोक्याचे. रूपांतरित मानलेल्या काही पेशी प्रत्यक्षात दुसऱ्या पेशींशी एकजीव झालेल्या असू शकतात, हे २००२ मध्ये निदर्शनास आले होते. म्हणून कार्याची कसोटी आवश्यक : चेतापेशीने विद्युत्संवेग निर्माण केला पाहिजे, यकृतपेशीने यकृताचे काम केले पाहिजे. रुग्णाच्या शरीरात पेशी घालावयाची तर याहून कमी पुराव्यावर समाधान मानता येणार नाही.

याही पलीकडची कसोटी २०१४ मध्ये पुढे आली. 'सेलनेट' या गणनपद्धतीने पेशीतील असंख्य जनुकांच्या परस्परनियंत्रणाचे जाळे नैसर्गिक पेशीच्या जाळ्याशी ताडून पाहिले. छप्पन्न प्रकाशित संशोधनांच्या या छाननीचा निष्कर्ष कठोर होता : थेट रूपांतरित पेशींत पूर्वाश्रमीचे जनुक-व्यवहार पुरेसे थांबत नाहीत, आणि क्वचित भलतेच व्यवहार सुरू होतात, असे नव्हे, तर ते जवळजवळ सर्वत्र आढळतात. या निदानाचा उपयोगही झाला. बी-पेशींपासून बनविलेल्या महाभक्षक पेशींतील उरलेसुरले बी-पेशीपण दाबताच त्यांचे कार्य सुधारले.

यकृताचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. तंतुजनक पेशींपासून घडविलेल्या व २०११ पासून यकृतपेशी म्हणून ओळखल्या गेलेल्या पेशींत आतड्याची लक्षणे आढळली. उंदराच्या मोठ्या आतड्यात सोडल्यावर त्या तेथे रुजल्या व दीर्घकाळ कार्यरत राहिल्या. तेव्हा त्यांना यकृतपेशी न म्हणता यकृत व आतडे या दोहोंची शक्यता बाळगणाऱ्या पूर्वज-पेशी म्हणणे अधिक रास्त, असे संशोधकांना मानावे लागले.