गड न्हाणणे

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली की सिंधुदुर्गाचा तट डोळ्यांसमोर हळूहळू वाढत जातो. परंतु होडी कोटाच्या अगदी पायथ्याशी येऊन टेकेपर्यंत दरवाजा कोठे आहे याचा थांग परक्या माणसास लागत नाही, आणि ज्याने बुरुजांची ही वळणे योजिली त्याच्या चातुर्याचे कौतुक करीतच आपण आत शिरतो. १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर या जंजिऱ्याचा पाया घातला गेला आणि अवघ्या तीन वर्षांत सुमारे ४८ एकरांच्या त्या खडकाभोवती तट उभा राहिला. पायाचे चिरे बसविताना शिसे ओतले, ही हकीकत वाटाडे अभिमानाने सांगतात आणि पाहुणे माना डोलावतात. चुन्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. वास्तविक दरवाजानजीक ज्या दोन लहान घुमट्या आहेत, त्यांत शिवाजी महाराजांच्या हाताचा व पायाचा म्हणून जो ठसा भक्तिभावाने दाखविला जातो, तो उमटला आहे चुन्यातच. आणि तीन शतके उलटून गेल्यावरही तो तेथे आहे, यापरते त्या चुन्याला दुसरे प्रशस्तिपत्र ते कोणते हवे?

हा चुना करणे म्हणजे सबुरीचे काम असे. चुनखडी, किंवा समुद्रकाठी शिंपले, भट्टीत भाजून कळीचा चुना काढावयाचा, तो पाण्यात विरवून मुरू द्यावयाचा, मग त्यात वाळू किंवा विटांची सुरखी घालून घाणीच्या गोल दगडी चरात बैलांकडून जड चाक फिरवून घोटावयाचा, आणि गवंड्याच्या घराण्यातील रिवाजाप्रमाणे त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचा काढा मिसळावयाचा. कितीएक गडांवर हे घाणीचे चाक आजही पडलेले दिसते. बहुतेक मंडळी त्यावर बसून शिदोरी सोडतात. भट्टीत जो वायू चुन्यातून निघून जातो, तोच हवेतून पुन्हा शोषून घेत तो वर्षानुवर्षे घट्ट होत जातो, म्हणजे शेवटी पुन्हा दगडच होतो. मात्र लगतच्या चिऱ्याहून तो किंचित मऊ राहतो, भिंतीत मुरलेली ओल बाहेर जाऊ देतो, आणि झीज सोसावयाची वेळ आली तर ती स्वतः सोसून चिऱ्याला वाचवितो.

सिमेंटचा स्वभाव याच्या नेमका उलट. ते लवकर आवळते, कठीण होते, ओल आतच कोंडून ठेवते; आणि समुद्रकाठच्या इमारतींत त्या ओलीबरोबर आलेले मीठ मग जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडाच्या पोटात स्फटिक होऊन बसते व त्याचे पापुद्रे उडवू लागते. एका जुन्या कोटाच्या दरजा अशा सिमेंटने भरलेल्या मी पाहिल्या आहेत. कोटाचे नाव सांगत नाही, कारण दुरुस्ती करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. काही पावसाळ्यांनंतर सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या जशाच्या तशा उभ्या आणि मधले चिरे मात्र बोटभर आत खचलेले, असे ते दृश्य होते. पडझड सोसवते, ही असली दुरुस्ती पाहवत नाही.

आपल्या पूर्वजांनी हे काम कारभाराचे मानिले होते, उत्सवाचे नव्हे. गडावर हवालदार व सबनीस यांच्या जोडीला कारखानीस असे आणि साठ्याची बेगमी व इमारतीची मरामत त्याच्याकडे असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तटात उगवणारी झाडे वरचेवर काढावीत, तटाचे गवत जाळून गड न्हाणावा, असा त्यातील एका सूचनेचा आशय आहे. न्हाणणे हा शब्द मला फार आवडतो. घरातल्या तान्ह्या मुलासाठी जे क्रियापद, तेच गडासाठी. पिंपळाचे रोप बोटाएवढे असताना काढले तर काम मिनिटाचे. तेच मूळ मनगटाएवढे झाल्यावर ओढू जाल तर रोपाबरोबर बुरूजही हाती यावयाचा, तेव्हा मग ते कापून, मूळ मारून, पोकळी चुन्याने भरण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले; त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी. सिंधुदुर्गही त्यांत आहे. साहजिकच होड्या भरून जाऊ लागतील, आणि भरून जाव्यातही. आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, काही कुटुंबे आजही नांदत आहेत, राजाराम महाराजांच्या काळचे शिवराजेश्वराचे देऊळ आहे. पावसाळा सरल्यावर अवश्य जा, अर्ध्या तासात परत फिरू नका, आणि सांध्यातला चुना नखाने खरवडून पाहू नका. आणि आपल्या गावच्या देवळाच्या किंवा वाड्याच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक ज्या दिवशी आपल्यापुढे येईल, त्या दिवशी त्यात चुन्याची बाब आहे की सिमेंटची, एवढे वाचून मगच त्यावर सही करा.