तीस सेकंदांचा हिशेब

बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या घरात मोठ्यानं बोलायची कुणाची टाप नव्हती. रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागायची आणि अमीन सयानी जणू आमच्याच ओसरीवर बसून बोलायचे. हा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होतो आणि त्याच्या फिती विमानानं कोलंबोला जातात, हे मला फार उशिरा कळलं. खरं सांगतो, थोडं फसवल्यासारखंच वाटलं!

पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि सेकंद ही विकायची वस्तू झाली. या व्यापाराची आतली बाजू मी पाहिली ती १९८७ साली. बँकेनं मला प्रसिद्धी विभागात टाकलं होतं. ह्याच्या कथा छापून येतात, म्हणजे हा जाहिरातही लिहील, असा आमच्या साहेबांचा हिशेब!

मुदत ठेवीची जाहिरात मी लिहिली आणि एका खासगी स्टुडिओत गेलो. काचेपलीकडे निवेदिका, अलीकडे ध्वनिमुद्रक आणि त्याच्या गळ्यात स्टॉपवॉच. निवेदिकेनं वाचलं, गोड वाचलं. ध्वनिमुद्रक म्हणाला, "चौतीस." विकत घेतलेले सेकंद होते तीस. "चार सेकंदांनी काय होतंय?" मी विचारलं. त्यानं फीत हातानं ओढून दाखवली. सेकंदाला साडेसात इंच वेगानं ती धावते. म्हणजे चार सेकंदांची तीस इंच, चांगली अडीच फूट! मग दाढीचं पातं घेऊन त्यानं दोन वाक्यांमधले निवेदिकेचे श्वास कापले आणि टोकं चिकटपट्टीनं जोडली. श्वास असे कापता येतात हे मला ठाऊक नव्हतं. तरी दोन सेकंद उरलेच.

तिकडे केंद्रावर बसणाऱ्याचं गणित तर उलटं चालतं. समजा, आठच्या ठोक्याला बातम्या आहेत. आधी सव्वा मिनिटाच्या जाहिराती, त्याआधी तीन मिनिटं बेचाळीस सेकंदांचं गाणं. तर गाणं सात वाजून पंचावन्न मिनिटं तीन सेकंदांनीच सुरू झालं पाहिजे. आम्ही बँकवाले वजाबाकीत पटाईत, पण इथं हातचा दहाचा नाही, साठाचा! आणि निवेदक दोन वाक्यं जास्त बोलला, तर कात्री गाण्याच्या शेवटच्या कडव्याला. जाहिरातीला नाही, तिचे पैसे आलेले असतात. आपलं आवडतं गाणं ऐन रंगात हळूहळू विरत का जायचं, याचं उत्तर हे असं आहे. याउलट वेळ उरेल असं वाटलं, तर वाद्यसंगीताची तबकडी आवाज बंद ठेवून आधीच फिरवत ठेवायची आणि निवेदन संपलं की आवाज वर न्यायचा. ती बरोब्बर ठोक्याला संपते. आपण म्हणतो, काय छान जुळून आलं!

बंगळुरात २००१ साली पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं. आता उरलेले सेकंद संगणकाचा पडदाच मोजून दाखवतो. गाण्याचे शब्द सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी ती बडबड थांबते, ते त्याच्याच जोरावर. मला स्वतःला ती बडबड फारशी मानवत नाही, पण कसब नाकारता येत नाही.

तर ते दोन सेकंद. 'मुदतीआधी रक्कम काढल्यास व्याज कमी मिळेल,' हे माझं शेवटचं वाक्य ध्वनिमुद्रकानं पेन्सिलीनं खोडलं आणि "हे फॉर्मवर असतंच की," म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. जाहिरात तिसाव्या सेकंदाला संपली.

दोन वर्षांनी मी एका शाखेत होतो. एक निवृत्त मास्तर मुदत ठेव मोडायला आले. बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. हातात पडणारी रक्कम ऐकून ते म्हणाले, "पण साहेब, रेडिओवर असं काही सांगितलं नव्हतं हो. मी दोनदा नीट ऐकलं होतं."

मी त्यांना फॉर्मची मागची बाजू दाखवली. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि काउंटरशी उभ्या उभ्या, ओळीवर बोट ठेवून, ते बारीक अक्षर वाचायला लागले. पुष्कळ वेळ वाचत होते.