गाडी दोन बोटं खाली

सोसायटीच्या फाटकापाशी स्पीडब्रेकर आला की मागच्या सीटवरचे तिघं न सांगता दार उघडून खाली उतरतात. चालवणारा गाडी तिरकी घालतो, आधी एक चाक चढवतो, मग दुसरं. तरीही पोटाखालून 'खर्रर्र' आवाज येतोच आणि बाहेर उभे असलेले तिघं एकदम दात-ओठ आवळतात. गाडी खाली बसवण्याच्या हौसेची ही नेहमीची किंमत.

आपल्याकडच्या गॅरेजांत गिऱ्हाईक खरं तर उलट मागणीचं जास्त. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर अडकवून गाडी उचलून घेणारे रोज येतात. पण टायर आणि मडगार्ड यांच्यामधली चार बोटांची फट डोळ्यांत खुपणारेही आहेत. त्यांना ती दोन बोटांवर आणायची असते, खिसा फार हलका न करता. शिवाय घरच्यांची कंबरही शाबूत राहायला हवी. हे जमतं, पण चाकाला वर सरकायला किती जागा उरते याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

खड्डा किंवा उंचवटा आला की चाक वर जातं, स्प्रिंग दबते आणि शॉकअप तो धक्का जिरवतो. वर जाण्याची जागा संपली की शॉकअपच्या दांड्यावरचा फोमसारखा बंप स्टॉप लागतो. पाठीत बसणारा 'ठक्' तो हाच. समजा एखाद्या हॅचबॅकला ही जागा 80 मिमी आहे. गाडी 30 मिमी खाली आणली की उरतात 50. तेवढ्यात तोच धक्का जिरवायचा म्हणजे स्प्रिंग थोडी कडक घ्यावीच लागते. किती कडक, यावर पुढचं सगळं ठरतं.

स्प्रिंगवर तोललेली गाडी तिच्या ठरावीक लयीत डोलते. आरामदायी गाड्यांत हे डोलणं सेकंदाला साधारण 1 ते 1.5 वेळा होतं, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या लयीच्या आसपास. सेकंदाला 4 ते 8 वेळा बसणारे उभे हादरे मात्र शरीराला सर्वांत जास्त जाचतात. दिलासा असा की स्प्रिंग 20 टक्के कडक केली तरी डोलण्याचा वेग जेमतेम 10 टक्क्यांनी वाढतो. तेवढा बदल अंगाला सोसतो. अंग दुखतं ते बंप स्टॉपवर पुन्हा पुन्हा आपटण्याने.

कमी पैशांत गाडी खाली आणण्याची धडपड जुनी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी लो-रायडर गाड्यांचा छंद वाढवला, तेव्हा डिकीत वाळूची पोती टाकणं आणि स्प्रिंग कापणं हे त्यांचे हुकमी उपाय होते. 1958 मध्ये तिथे कायदा आला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली नको. त्यावर रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, गेले की खाली! ते कलम रद्द झालं 1 जानेवारी 2024 पासून.

स्प्रिंग कापण्याचा उद्योग आजही चालतो. ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, एक वेढा गळून पडतो, दोनशे-पाचशेत काम होतं. पण आठ वेढ्यांतला एक गेला की उरलेली स्प्रिंग साधारण 14 टक्क्यांनी कडक होते आणि बैठकीत नीट बसणारं तिचं टोकही जातं. गाडी जॅकवर उचलली किंवा खड्ड्यात चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन बैठकीतून सरकू शकते. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवणं तर याहून वाईट. कारखान्यात त्या पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि स्प्रिंग पुढे हळूहळू बसत जाते किंवा तुटते.

परवडणारा आणि शहाणा रस्ता वेगळा आहे. त्या मॉडेलसाठी बनवलेल्या, 25 ते 30 मिमी उतरवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगचा संच घ्यावा. उंची फिरवून कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर बऱ्याचदा लाखाच्या घरात जातात आणि रोज ऑफिसला जाणाऱ्याला त्यांची गरज नसते. वाचलेले पैसे शॉकअपवर घालावेत. साठ-सत्तर हजार किलोमीटर पळालेल्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग चढवली की गाडी चेंडूसारखी उड्या मारते आणि दोष मात्र स्प्रिंगच्या माथी येतो. बिलस्टाइनसारखी कंपनी खाली आणलेल्या गाड्यांसाठी कमी लांबीचे शॉकअप वेगळे बनवते ते यासाठीच.

दुसरी बचत टायरमध्ये. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला 185/65 आर15 टायर असतो. त्याची रबरी भिंत 120 मिमी उंच. हौसेने 17 इंची अलॉय आणि 205/45 टायर चढवला की ती उरते 92 मिमी. स्प्रिंगने घेतलेल्या जागेवर आणखी 28 मिमी रबरी उशी गेली, वर अलॉयचा खर्च आहेच. रिम मूळचंच ठेवलं तर खिसा आणि पाठ दोन्ही वाचतात.

शॉकअप खाली उतरवण्याची मजुरी एकदाच लागते. तेव्हा बंप स्टॉप, धूळ अडवणारा रबरी बूट आणि वरचं माउंटिंग तिथल्या तिथे बदलून घ्यावं. एक गोष्ट मेकॅनिकपाशी उभं राहून बघावी. खालच्या आर्मच्या बुशचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना शेवटचे आवळू नयेत. गाडी आपल्या वजनावर उभी करून मग आवळावेत. नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी कडक लागते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. काही दिवस चालवून स्प्रिंग बसल्या की व्हील अलाइनमेंट करावी. उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात, आणि ते तसेच सोडले तर टायर आतल्या कडेने झिजतो. समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊ नये म्हणून हेडलाइटचा रोखही तपासून घ्यावा.

राहिला स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोलसर उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2.45 मीटर आणि रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिमी. चारही चाकं उंचवट्यावर असताना पोटाखाली त्याचा फुगवटा येतो फक्त 44 मिमी. गाडी 30 मिमी खाली आणली तरी ती निवांत पार होते. घासते ती गल्लीतल्या हातभर रुंद ढिगाऱ्यावर. तो चाकांच्या मधोमध येतो तेव्हा त्याची सगळी उंची पोटाखाली असते. टाटाने 2018 मध्ये टियागोची जेटीपी ही जोशिली आवृत्ती आणली, तेव्हा ती उतरवली होती फक्त 4 मिमी. आपले रस्ते कंपनीला ठाऊक होते.

कायद्याकडे काणाडोळा करून चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. बेकायदा ठरलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे पैसे मोजण्याआधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावं.

आणि काढलेल्या मूळ स्प्रिंगा भंगारात देऊ नयेत. कोणती पुढची, कोणती मागची, हे खडूने लिहून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवाव्यात. गणपतीला कोकणात निघताना चार माणसं, डिकीत शिधा आणि पिशव्या असं सगळं चढलं की मागची बाजू आपोआप आणखी दोन बोटं खाली बसते. ते पोतं तेव्हा माळ्यावरून खाली येतं, आणि गौरी-गणपती आटोपून घरी परतलं की त्यात लोअरिंग स्प्रिंगा जाऊन बसलेल्या असतात, दिवाळीपर्यंत.