फवारणीचा ड्रोन

पिकावर औषध फवारणारे एक नवे यंत्र आता शेतात दिसू लागले आहे. त्याचे नाव ड्रोन. मधे टाकी, भोवती चार किंवा सहा पंखे, खाली फवाऱ्याच्या तोट्या. आत माणूस बसत नाही. चालवणारा बांधावर उभा असतो. त्याच्या हातात एक लहान पेटी असते. पेटीवरच्या दांड्या हलवल्या की ड्रोन वर जातो, वळतो, खाली उतरतो.

काम मोठे झपाट्याचे. एका एकराला आठ-दहा मिनिटे पुरतात. पाठीवर पंप घेऊन त्याच कामाला काही तास मोडतात. शिवाय औषध अंगावर येते ते वेगळेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसएक शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो माणसे दवाखान्यात पडली. ड्रोन असला की चालवणारा औषधापासून लांब राहतो. हा फायदा लहान नाही.

पण बाकीच्यांचे काय? एक हिशेब मांडून पाहू.

पाठीवरच्या पंपात १५ लिटर पाणी मावते. एकराला असे १० पंप लागले, तर पाणी झाले १५० लिटर. ड्रोन एकराला सुमारे १० लिटरच पाणी वापरतो. औषध मात्र तेवढेच टाकायचे. म्हणजे ड्रोनच्या टाकीतले पाणी पंधरापट कडक झाले. आपण त्याला औषध म्हणतो, पण ते आहे विष. ते कालवायचे काम अजून माणसाच्या हातानेच होते. तेव्हा हातमोजे, तोंडाला फडके, डोळ्यांना चष्मा हे ड्रोन आला म्हणून सुटत नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. ड्रोनच्या तोटीतून फार बारीक थेंब पडतात. पंख्यांचा वारा त्यांना खाली दाबतो, म्हणून ते पानांत शिरतात. पण ड्रोन उंच नेला किंवा वारा सुटला, की थेंब भलतीकडे जातात. म्हणून फवारताना ड्रोन पिकाच्या वर पाच ते दहा फुटांवरच ठेवतात. वारा उठला तर काम थांबवतात. इथेच पुष्कळदा वाद होतो.

"ताई, वारा थोडाच हाय. उरकून टाका. परत कधी येणार तुम्ही?"

"दादा, तुमच्या कापसाचं उरकेल. पण वारा जातोय तिकडं कुणाचं रान आहे?"

"चुलत्याचं. तुती लावलीय त्यानं."

"मग त्यांचे रेशमाचे किडे मेले तर भरपाई कोण देणार? तुम्ही का मी?"

ताईचे म्हणणे बरोबर आहे. बोंडअळी कोणती आणि रेशमाची अळी कोणती, हे औषधाला कळत नाही. तुतीच्या पानावर चार थेंब पडले तरी ते पान खाऊन अळ्या मरतात. मधमाश्यांचे तेच. म्हशीसाठी लावलेल्या घासाचे तेच. विहीर, ओढा, पाणवठा यांच्या जवळ तर फवारूच नये.

म्हणून विमानाने किंवा ड्रोनने फवारायचे असेल, तर लोकांना निदान २४ तास आधी कळवावे लागते. ग्रामपंचायतीला सांगावे, दवंडी द्यावी, शेजाऱ्याच्या घरी जाऊन सांगावे. म्हणजे तो गुरे दुसरीकडे नेईल. मधमाश्यांच्या पेट्या हलवील. त्या रानात माणसांनी आणि जनावरांनी ठरलेल्या वेळेपर्यंत जायचे नाही.

ड्रोन उडाला की सारा गाव बघायला येतो. पोरे तर पुढेच. बघावे, पण वारा येतो त्या अंगाला, चांगले लांब उभे राहून बघावे. भरल्या टाकीसकट ड्रोनचे वजन सुमारे २५ किलो असते, म्हणजे खताचे अर्धे पोते. पंख्यांची पाती इतकी जोरात फिरतात की बोट सहज तुटेल. आणखी एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. हातातल्या पेटीशी संबंध तुटला, तर बहुतेक ड्रोन आपोआप परत फिरतात आणि जिथून उडाले तिथेच येऊन उतरतात. मोकळी जागा दिसली म्हणून पोरे नेमकी तिथेच जाऊन बसतात! ती जागा आखून घ्यावी आणि शेवटपर्यंत रिकामी ठेवावी. परत येताना वाटेत झाड लागू नये, म्हणून परतीची उंची सर्वांत उंच झाडापेक्षा जास्त ठेवतात. विजेच्या तारा लांबून दिसत नाहीत. त्या आधी रानात फिरून पाहाव्या लागतात.

हे सगळे शिकावे लागते. म्हणून २०२१ साली केंद्र सरकारने ड्रोनचे नियम केले. एवढा ड्रोन चालवणाऱ्याचे वय १८ ते ६५ असावे. तो दहावी पास असावा. त्याने मान्यता असलेल्या संस्थेत शिकून प्रमाणपत्र घेतलेले असावे. मोटारीला नंबर असतो तसा ड्रोनलाही नंबर असतो. नियम मोडला तर १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ साली सरकारने बचत गटातल्या बायांसाठी 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. तीत निवडलेल्या बाईला १५ दिवस शिकवायचे ठरले. भाड्याने ड्रोन बोलावताना प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नये. एस. टी.चा ड्रायव्हर बिनपरवान्याचा चालेल का आपल्याला?

ड्रोन कुठे उडवावा, यालाही नियम आहे. सरकारने देशाच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग पाडले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मोकळीक असते. त्याच्या वर विमाने आणि हेलिकॉप्टर यांची वाट. पिवळ्या भागात आधी परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ५ किलोमीटरपर्यंतचे रान लाल भागात येते, मग ते आपल्या मालकीचे का असेना.

टाकीत औषध घालण्याआधी साधे पाणी भरून ड्रोन थोडा वेळ उडवून पाहतात. कुठे गळत असेल तर तेव्हाच कळते. काम झाल्यावर टाकी दोन-तीनदा धुवावी. ते पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ज्या पिकावर फवारले, त्याच पिकावर ते फवारून टाकावे. औषधाचे रिकामे डबे भोके पाडून निकामी करावे, नाही तर उद्या कोणी तरी त्यात रॉकेल नाही तर पाणी भरून ठेवतो.