ओट्यावरचा प्लग

आमच्या घरात वीज आली तेव्हा दोनच दिवे लागले. एक ओटीवर, एक स्वयंपाकघरात. तारा घातल्या त्या दोन दिव्यांच्या बेताने. पुढे पंखा आला. मग मिक्सर आला. मिक्सर ठेवायला ओटा होता, पण ओट्यावर प्लग नव्हता. म्हणून मधल्या खोलीतून लांब वायरीचा बोर्ड ओढला. ती वायर उंबऱ्यावरून, हंड्याच्या कडेने ओट्यावर जाई.

एके सकाळी हंडा कलंडला. पाणी बोर्डात गेले. सूनबाईला असा झटका बसला की हातातले भांडे दूर जाऊन पडले. थोडक्यात निभावले. मी जन्मभर पोरांना शहाणपण शिकवले, पण ती वायर रोज ओलांडताना मला काही सुचले नव्हते!

तेव्हा ठरवले, ओट्यावर पक्का प्लग बसवायचा.

तुम्ही म्हणाल, त्यात काय? बोर्ड आणावा आणि जवळच्या दिव्याच्या तारेला जोडावा. मलाही तसेच वाटले होते. वायरमनने ती तार पाहिली आणि हसला. म्हणाला, "गुरुजी, ही सुतळी आहे. हिला शेगडी जोडली तर भिंतीत तापेल, अन् जळेपर्यंत तुम्हाला कळायचं नाही." खरेच आहे. शेळीचे दावे बैलाला बांधून कसे चालेल?

मग त्याने हिशेब सांगितला. प्रत्येक यंत्रावर वॅटचा आकडा छापलेला असतो. तो शोधून वाचा. आता तुम्हांला वाचता येते. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची. वॅटच्या आकड्याला 230 ने भागा, म्हणजे तारेतून किती अँपिअर वीज वाहील ते कळते. 750 वॅटचा मिक्सर सव्वातीन अँपिअर घेतो. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी जवळजवळ 9 अँपिअर घेते. लहान प्लग 6 अँपिअरचा असतो. त्यावर मिक्सर चालेल, शेगडी नाही. शेगडीला मोठा, 16 अँपिअरचाच प्लग हवा. लहान प्लगला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार चालते. मोठ्याला 4 ची घालावी. आणि ही तार दिव्याच्या तारेला न जोडता थेट मेन बोर्डावरून आणावी. तिला तिचा वेगळा एमसीबी असावा. तारेवर फार भार आला की तो खटका आपोआप पडतो.

जागा कोणती? नळाजवळ नको, शेगडीच्या वर नको. दोन्हींपासून हात-दोन हात दूर, ओट्याच्या वीतभर वर. आमची भिंत मातीची, म्हणून तार पट्टीतून वरवर नेली. विटांची भिंत खोदाल तर खाच सरळ उभी किंवा आडवी घ्या. तिरकी नेली तर पुढे कोणीतरी खिळा ठोकतो आणि तो नेमका तारेत जातो.

आता अर्थिंग. प्लगच्या तीन छिद्रांपैकी वरचे मोठे छिद्र त्याचे. त्याची हिरवी तार अंगणातल्या खड्ड्यात पुरलेल्या नळीपर्यंत जाते. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती या वाटेने जमिनीत जाते आणि खटका पडतो. पुष्कळ घरांत छिद्र असते, पण आत तार जोडलेलीच नसते! विचारून, बोर्ड उघडून बघा. मात्र बोर्ड उघडायचा तो मेन बंद करून, परवान्याच्या वायरमननेच.

मेन बोर्डावर आरसीसीबी नावाचा आणखी एक खटका बसवून घेतला. एका अँपिअरचे हजार भाग केले, तर त्यातले 30 भाग वीज वाट सोडून गळू लागताच तो पडतो. माणसाला झटका बसला तरी वीज क्षणात बंद होते.

काम झाल्यावर वायरमनने टेस्टर लावून दाखवला. बटण चालू असताना उजव्या छिद्रात दिवा लागला, डाव्यात नाही. बटण बंद केल्यावर कुठेच नाही. असेच हवे. उलट असेल तर बटण बंद करूनही प्लगात वीज राहते.

आरसीसीबीवर एक छोटे बटण असते. त्याच्यावर टी असे इंग्रजी अक्षर असते. महिन्यातून एकदा ते दाबून खटका पडतो का ते पाहायचे. आमच्याकडे हे काम सूनबाई करते. खट्कन वीज जाते, आणि टीव्हीसमोर बसलेला नातू ओरडतो.